चैत्रात उघडणारी भेग

आमच्या स्वयंपाकघराच्या ईशान्य कोपऱ्यात, पाण्याच्या रांजणाच्या वर, भिंतीत एक भेग होती. ती छतापाशी रुंद होती. खाली येताना ती दगडांच्या सांध्यांतून, पायऱ्या उतरल्यासारखी, डावीकडे सरकत सरकत रांजणामागे नाहीशी होई. त्या भेगेवर आडवा, दोन्ही टोकांना चुन्याच्या ठिपक्यांनी चिकटवलेला, आईच्या हिरव्या बांगडीचा एक तुकडा असे. घरात येणाऱ्या नव्या माणसाला वाटे की हा काही तरी नवसाचा किंवा दृष्ट काढण्याचा प्रकार असावा. तसे काही नव्हते. भेग जिवंत आहे की मेलेली, हे कळावे म्हणून आईने तो लावला होता. भिंत हलली तर काच तुटणार. काच शाबूत राहिली तर भिंत थांबली असे समजायचे. मी पुढे आयुष्याची बरीच वर्षे नगरच्या एका तंत्रनिकेतनात मातीच्या प्रयोगशाळेत शिकवण्यात घालवली. तिथे भेगेवर काचेची पट्टी लावून निरीक्षण कसे करावे, हे मी मुलांना पुस्तकात पाहून सांगत असे. पण ते मी शिकले होते स्वयंपाकघरात, आणि शिकवणारी व्यक्ती कधी शाळेत गेली नव्हती.

आमचे गाव शेवगाव तालुक्यातले. मूळ गाव धरणाच्या पाण्यात गेले आणि दोन कोसांवर, पूर्वी जिथे ज्वारी उभी असे त्या सपाट जमिनीवर, नवे गाव वसले. आमच्याकडे जमिनीचे दोनच भाग मानत. एक काळी, म्हणजे पिकाची. दुसरी पांढरी, म्हणजे वस्तीची. जुने गाव पांढरीवर होते. शेकडो वर्षांच्या राखेने, पडलेल्या भिंतींनी आणि शेणामातीने तयार झालेली ती फिकट, भुसभुशीत दिसणारी पण दाबाखाली घट्ट बसणारी माती. तिच्यावर आमच्या पूर्वजांनी दोन हात खोल पाया घेऊन घरे बांधली आणि ती सरळ उभी राहिली. गाव हलले तेव्हा लोकांनी तुळया आणल्या, दारे आणली, चौकटी आणल्या. वेशीचे दगडसुद्धा खडूने आकडे टाकून गाडीतून आणले आणि मारुतीसमोर रचून ठेवले. ती वेस पुढे कधी उभी राहिली नाही. त्या दगडांवर बसून गावाच्या बैठका होत. जुन्या गावातून लोकांनी आणखी एक गोष्ट आणली, आणि ती आपण आणली आहे हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. ती म्हणजे दोन हातांचा पाया.

माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणत असू, गावचे गवंडी होते. गाव त्यांना किसन गवंडी म्हणे. दुसरीपर्यंत शिकलेले, अक्षर जोडून वाचता येई, आकडेमोड बोटांवर चोख. नव्या गावातली निम्मी घरे त्यांच्या हातची. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या दिवसाची सुरुवात चुन्याच्या घाणीच्या आवाजाने होत असे. बैल गोल फिरे, दगडी चाक चरातून चुना आणि वाळू रगडत जाई, आणि चाकाखाली खडा आला की दाढेखाली यावा तसा कडक आवाज होई. मग दगड घडवणारी आण्णांची टाकी सुरू होई, एकसारख्या ठोक्यांची. दुपारी आई भाकरी घेऊन जाई. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि थंडीच्या दिवसांत हुलग्याचे शेंगोळे. शेंगोळ्यांचे पीठ आई मळे तेव्हा ते तळहाताखाली वळून पाही. वळताना तुटले तर पाणी कमी, हाताला चिकटले तर जास्त. छतावर अंथरायची माती निवडतानाही ती नेमके हेच करी. पांढऱ्या मातीची वळी लवकर तुटे. काळ्या मातीची मात्र सुतळीएवढी बारीक झाली तरी तुटत नसे. "ही माती लई हावरी हाय," ती काळीबद्दल म्हणे. "कितीबी पानी दे, पीतीच." प्रयोगशाळेत मी मुलांना मातीची वळी काचेवर लाटायला सांगे, ती किती जाडीला तुटते ते मोजायला लावी आणि त्याचे शास्त्रीय नाव फळ्यावर लिही. लिहिताना मला हटकून शेंगोळ्यांचा वास येई.

नव्या घरांना पहिल्याच उन्हाळ्यात भेगा पडल्या. कोपऱ्यांना, खिडक्यांच्या डोक्यावर, दाराच्या वरच्या टोकाला. आण्णांनी त्या चैत्रात घाणी पुन्हा सुरू केली आणि घरोघरी जाऊन भेगा बुजवल्या, चुना आणि दगडाच्या कपच्या ठोकून, घट्ट. आपल्या हातचे काम बिघडले की आपणच नीट करायचे, हा त्यांचा नियम होता. पुढच्या चैत्रात भेगा पुन्हा उघडल्या, काही जुन्याच जागी, काही शेजारी. आण्णांनी पुन्हा बुजवल्या. पावसाळ्यात दारे चौकटीत अडकू लागली. लोक दार लाथेने उघडत आणि आण्णांचे नाव घेत. आमच्या घराची भेग मात्र बुजवायची राहिली, कारण इतरांचे काम आधी. "गवंड्याच्या घराला कोन इचारतंय," असे म्हणून आईने तिच्यावर बांगडीचा तुकडा लावला.

मी तेव्हा शेवगावच्या शाळेत नववीला होते. सकाळच्या एसटीने जायचे, संध्याकाळच्या एसटीने यायचे. विज्ञानाला सय्यद बाई होत्या. त्या प्रत्येक प्रयोगाच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायला लावत. डावीकडे निरीक्षण, उजवीकडे निष्कर्ष. "डोळ्यांनी पाहिलं ते डावीकडे. डोक्यानं ठरवलं ते उजवीकडे. दोघांना एकमेकांच्या घरात शिरू देऊ नका," असे त्या सांगत. मी त्यांना भेगेबद्दल सांगितले तेव्हा त्या हसल्या नाहीत. मी भेगेची रुंदी ज्वारीच्या दाण्यांनी मोजते, हे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "दाणे सगळे सारखे असतात का?" मग त्यांच्या सांगण्यावरून मी दहा दाणे ओळीत ठेवून पट्टीने मोजले आणि एका दाण्याचे माप काढले. दर पौर्णिमेला मोजायचे असे ठरले. "आणि उजवीकडचा रकाना बारा महिने रिकामा ठेवायचा," बाई म्हणाल्या. हा नियम पाळणे मला त्या वर्षी फार जड गेले. का, ते पुढे येईलच.

चैत्रात तुकडा तुटला. भेग सहा दाण्यांची झाली होती. वैशाखात आठ. आईने दुसरा तुकडा लावला. पाऊस सुरू झाल्यावर भेग निमूटपणे आकसू लागली, आणि श्रावणात एके सकाळी तो दुसरा तुकडा मला रांजणाच्या झाकणावर चुरा होऊन पडलेला सापडला. ओढल्याने काच तुटली की दोन तुकडे होतात. इथे ती दोन्हीकडून दाबली जाऊन फुटली होती. भेग जवळजवळ मिटली होती. मी डावीकडे लिहिले: "काच दाबाने फुटली." उजवीकडे काहीच लिहिले नाही.

त्याच आठवड्यात भानुदास नानांची भिंत पडली.

भानुदास नाना म्हणजे गावातले वजनदार शेतकरी, आण्णांहून दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांचे घर नव्या गावात आण्णांनी बांधलेले पहिले घर. दोन्ही उन्हाळ्यांत त्याच घराच्या भेगा आण्णांनी सर्वांत काळजीपूर्वक बुजवल्या होत्या. भर दुपारी उत्तरेची अख्खी भिंत बाहेरच्या अंगाला झुकून आडवी झाली. नानांची सून पाचच मिनिटांपूर्वी तिथे धान्य निवडत बसली होती, ती बाळाला घ्यायला उठली म्हणून वाचली. आण्णा धावत गेले, मी त्यांच्या मागे. नाना पडलेल्या दगडांजवळ उभे होते. त्यांनी सांध्यातला चुना दोन बोटांत चुरून आण्णांसमोर धरला.

"किसन, ह्यात चुना किती आन राख किती?"

"नाना, चुन्यात राख म्या कंदी घातली न्हाई."

"मंग भिंत हवा खायाला बाहीर आली का?"

भोवतालची माणसे हसली. आण्णा वाकून दगड बाजूला करू लागले. नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हात लावू नगंस." पुढे महिनाभर ते वाक्य गावात फिरत होते. कोणी मोठ्याने चोर म्हटले नाही. पण ज्याने त्याने आपापल्या भिंतीतला चुना उकरून पाहिला. दिवाळीनंतर आण्णांना गावात काम मिळेना. ते सायकलने घोडेगावला जाऊन दुसऱ्या गवंड्याच्या हाताखाली गोठ्यांच्या गव्हाणी बांधू लागले. घरी आले की ओळंबा, थापी, गुण्या तेलाच्या फडक्याने पुसून खुंटीला टांगत आणि भाकरी पुढ्यात घेऊन बसून राहत. आई दोनदा आमटी गरम करी. अशातच बातमी आली की गावाला शाळेच्या दोन खोल्या मंजूर झाल्या आहेत. तोवर मुले पत्र्याच्या छपराखाली बसत. काम कोणाला द्यायचे ते वैशाख सरल्यावर बैठकीत ठरणार होते. ते काम मिळावे ही आण्णांची इच्छा होती, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ते काम बाहेरच्या माणसाला गेले असते तर आण्णांवरचा आळ न बोलता कायमचा ठरला असता. धाकटा भाऊ अजून कळत्या वयाचा नव्हता; आम्हा तिघांना मात्र हे कळत होते आणि घरात त्याबद्दल कोणी बोलत नव्हते.

वैशाखात धरणाचे पाणी मागे हटते आणि जुन्या गावाची पांढर उघडी पडते. नव्या गावाच्या बायका बैलगाड्या घेऊन तिथून छतासाठी पांढरी माती आणत. घर हलले तरी छत जुन्याच गावाचे लागत असे. त्या वर्षी आईबरोबर मी गेले. वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे पायाखाली मोडत होते. घरांच्या भिंती कधीच उतरवून नेल्या होत्या, पण जोती जागच्या जागी होती, शिंपल्यांनी आणि शेवाळाच्या वाळक्या पापडीने झाकलेली. आई आमच्या घराच्या जोत्यावर जाऊन बसली, चुलीच्या जागेवर हात फिरवला आणि मग पदर खोचून माती भरायला लागली. मी मात्र वहीसोबत आण्णांचे सूत आणले होते. आमच्या जोत्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ते ताणून धरले. दगड सुताला लागून होते, कुठे बोटभरही फरक नाही. नानांच्या जुन्या घराचे जोते, तेही आण्णांनी तरुणपणी बांधलेले, तिथेही तेच. मग मी कोपऱ्याशी उकरून पाया मोजला. दोन हात. वर्षातले निम्मे महिने पाण्यात आणि निम्मे उन्हात राहूनही त्या जोत्यांना एक भेग नव्हती. तोच हात, तोच चुना, तेवढाच खोल पाया. वेगळी होती ती फक्त खालची माती.

परतताना गाडी काळ्या रानातून चालली होती. वैशाखात आमची काळी इतकी तडकते की वासराचा पाय अडकावा. त्या भेगा मी जन्मापासून पाहत आले होते आणि त्यांच्यापासून सांभाळून चालण्यापलीकडे त्यांचा कधी विचार केला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी खुंटीवरचा ओळंबा, सुताला टांगलेले ते वजन, काढून घेतला आणि आमच्या घरामागच्या रानात गेले. ओळंबा हातभर जाऊन अडकला. भेग खाली निमुळती होत जाते आणि ओळंब्याचे पोट जाड असते. मग सुताला पोती शिवायची दाभण बांधून सोडली. ती जात राहिली. वर काढून मोजले तेव्हा साडेतीन हात भरले. एका मापावर विश्वास ठेवू नये म्हणून दहा जागी सोडली. सर्वांत कमी माप तीन हातांचे होते. म्हणजे जमीन जितकी खोल वाळून फाटत होती, त्याच्या अर्ध्या वाटेवरच आमच्या घरांचे पाय थांबले होते.

इथे थोडे थांबून सांगते, कारण आजही लोक हेच विचारतात. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. घराखालची मधली माती झाकलेली असते, तिची ओल सहसा हलत नाही. कडेची माती मात्र उन्हाळ्यात आकसून खाली बसते, तिच्यासोबत कोपरे खाली जातात आणि भिंत वरून उघडते. पावसाळ्यात तीच कड फुगून कोपऱ्याला पुन्हा वर उचलते आणि भेग मिटू पाहते. मिटू दिली तर घर कुरकुरत का होईना, उभे राहते. पण चैत्रात भेग सर्वांत रुंद असताना तिच्यात चुना आणि कपच्या ठोकून ठेवल्या, तर श्रावणात भिंतीला परत यायला जागाच उरत नाही. मग ती बाहेरच्या बाजूला सरते. दरवर्षी थोडी. आण्णांनी नानांची भिंत सर्वांत जास्त काळजीने बुजवली होती, आणि म्हणूनच ती सर्वांत आधी पडली. आमच्या स्वयंपाकघराची भिंत उभी होती, कारण ती बुजवायला त्यांना वेळ मिळाला नव्हता.

बारा पौर्णिमा चैत्राआधीच भरल्या होत्या. दाभणीची मापे लिहून झाल्यावर मी दुपारी वही आण्णांपुढे ठेवली. ते अक्षर जोडत, ओठ हलवत वाचू लागले. जुन्या गावच्या जोत्यांपाशी आल्यावर त्यांनी बोट थांबवले आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"सूत म्या घेऊन गेल्ते," मी घाबरत म्हटले. "इचारलं न्हाई."

"सूत सरळ धरलं हुतंस न्हवं?"

"व्हय."

"मंग चाललं."

ते शेवटपर्यंत आले. मी म्हटले, "आण्णा, चुना चांगला हुता. हे दाखवलं की झालं. माती वाईट हाय, तुमी काय करनार?" हे म्हणताना मला फार हलके वाटले, वर्षभर मनात दाबून ठेवलेला निष्कर्ष हाच होता.

आण्णांनी वही स्वतःकडे ओढली. मग त्यांनी उजवा रकाना दाखवला. "हितं काय ल्ह्यायचं असतं?"

"निष्कर्ष. म्हंजी ह्यावरनं काय ठरलं ते."

"मंग काय ठरलं?"

"चुना चांगला हुता."

"त्यो ह्या अंगाला आला की," ते डाव्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले. "दाभन साडेतीन हात गेली. पाया दोन हात. पाया कुनी घेतला?"

आई चुलीपाशी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"मातीला वाईट म्हनू नगंस. ती तिच्या रीतीनं वागली. ल्ही, पाया उथळ."

मी पेन्सिल घेतली. ते म्हणाले, "पेन्सिलीनं न्हाई. शाईनं."

बैठक ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात, सकाळच्या उन्हात, वेशीच्या दगडांवर भरली. शेवगावच्या एका बांधकामवाल्याचे नाव आधीच सुचवले गेले होते. आण्णा उठले आणि म्हणाले, "पोरीला एक वाचायचं हाय. आयकून घ्या, मंग कुनाला द्यायचं त्याला द्या." मी उभी राहून सगळी निरीक्षणे वाचली. ज्वारीच्या दाण्यांवर थोडे हसू झाले, पण जुन्या गावच्या जोत्यांची मापे आली तेव्हा माणसे ऐकू लागली, कारण ती जोती प्रत्येकाने महिनाभरापूर्वीच पाहिली होती. उजव्या रकान्यापाशी आले तेव्हा आण्णांनी माझ्या हातातून वही घेतली.

"फुडचं म्या सांगतो. पाया उथळ घेतला. दोन हात पुरंल आसं समजलो. आन चैतात भेगा बुजवल्या, त्यानं जास्तीच बिघडलं. दोन्ही चुका माझ्या."

नाना जमिनीकडे पाहत होते. "म्हंजी चुना बराबर हुता?"

"हुता."

"आन तरी चूक तुझीच म्हनतूस?"

"माझीच. चुना बराबर हुता, माझं ग्यान कमी पडलं."

मागून कोणीतरी म्हणाले, "मंग शाळंसाठी ग्यान कुठनं आननार, उसनं?"

लोक हसले. आण्णाही ओशाळून हसले. नानांनी हात वर केला. ते सावकाश म्हणाले, "ग्यान आलंय आता त्याला. ते बी माझी भिंत पाडून. आपल्या गावची भिंत घालवून आलेलं ग्यान आपन सोडायचं, आन शेवगावच्या मानसाला पुन्यांदा पयल्या भिंतीपासनं शिकवायचं? मला न्हाई पटत." मग आण्णांकडे वळून म्हणाले, "पर एक. पहार म्या मारनार. म्या म्हनल तवाच पाया भरायचा."

"मारा की. पर म्या म्हनल तवाच थांबायचं."

आधी नानांची भिंत उभी राहिली, नव्या पायावर. मग शाळेचे खोदकाम सुरू झाले, कोरड्या दिवसांत. पाच हात काळी गेली, मग पिवळसर चिकट थर, मग चुनखडीचे पांढरे खडे, आणि सहा हातांवर लालसर मुरूम लागला. नानांनी पहार मारली. खणकन आवाज झाला. "लागला," ते म्हणाले. "भरा आता." गावातली माणसे चराच्या कडेने उभी होती. एकाने विचारले की शाळा बांधताय की विहीर. आण्णांनी दोन घागरी पाणी त्या मुरमावर ओतायला लावले आणि घरी निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहार नानांच्याच हातात दिली. पहार आवाज न करता चार बोटे आत गेली.

"काल वाजत हुता की," नाना म्हणाले.

"काल वाळला हुता. वाळल्यावर समदंच वाजतं, नाना."

आणखी दीड हात खोदले. पुन्हा पाणी, पुन्हा एक दिवस वाट पाहणे. या वेळी पहार उडून नानांच्या मनगटाला झिणझिण्या आल्या. त्यांनी मनगट चोळत एवढेच म्हटले, "हां." एका कोपऱ्यात मात्र फार आधीच काळा दगड लागला होता आणि सगळ्यांना वाटत होते की तिथे थांबावे. आण्णांनी त्याच्याभोवती पहार मारून दाखवली. तो एकटा धोंडा होता, खाली पुन्हा माती. तो काढून टाकला. पाया भरताना त्याच्या दोन्ही बाजूंना उपसलेली काळी परत आत टाकू दिली नाही. गाड्यांनी मुरूम आणून भरला. शाळेच्या भिंती अजून उभ्या आहेत. त्यांच्यावर बांगडीचा तुकडा लावायची वेळ कधी आली नाही.

आमच्या घराची भेग आण्णांनी शेवटपर्यंत बुजवली नाही. पुढे आसपासच्या गावांतून, अगदी पाथर्डीच्या बाजूनेही, घर बांधणारी माणसे त्यांना विचारायला येत. प्रश्न तेच असत. पाया किती घ्यावा? मुरूम लागला की झाले का? भिंतीला भेग कशाने पडते? आण्णा त्यांना चहा देत आणि मग स्वयंपाकघरात नेऊन त्यांना भेगेत बोट घालून पाहायला लावत. "चैतात या, बोट जातं. श्रावनात या, नख जात न्हाई. मधी चार म्हैनं काय हुतं ते समजलं की पाया आपसूक समजतो." पाहुण्यांपुढे स्वयंपाकघर उघडे टाकायचे म्हणून आईला अवघड होई. एकदा नाना म्हातारपणी आले असता म्हणाले, "किसन, आता तरी दुरुस्त कर. माझ्या मनात काय न्हाई." आण्णा म्हणाले, "माझ्या बी न्हाई. पर भिंत सांगती तसं मला सांगता येत न्हाई."

आण्णा गेले तेव्हा मी नोकरीत होते. दिवसकार्य झाल्यावर आईने खुंटीवरचा ओळंबा, एक पत्र्याचा डबा आणि माझी नववीची वही माझ्यापुढे ठेवली. डब्यात हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते. वर्षानुवर्षे फुटतील तसे जपून ठेवलेले. "आता नवं कुठनं येनार," आई म्हणाली, "ह्ये पुरवून वापर." मी वही उघडली. माझी बारा निरीक्षणे संपली होती त्याच्या पुढच्या पानापासून दुसरे अक्षर सुरू झाले होते, मोठे, एकेक वेगळे काढलेले. मध्ये उभी रेघ, पट्टीशिवाय पण सरळ. डावीकडे दर वर्षाच्या दोनच नोंदी: चैत्रात किती दाणे, श्रावणात किती. उजवीकडे प्रत्येक वर्षी, कोणी विचारलेले नसताना, शाईने तेच दोन शब्द: पाया उथळ.

आता ते घर माझ्या भावाच्या मुलाचे आहे. त्याने शेजारी नवे घर बांधले, फोन करून विचारून, सात हातांवर. जुने स्वयंपाकघर ठेवले आहे. मी चैत्रात आणि श्रावणात जाते. डब्यात आणखी काही वर्षे पुरतील एवढे तुकडे आहेत. या चैत्रात भेग सात दाण्यांची होती. मी ते डावीकडे लिहिले. उजवीकडे काय लिहावे हा प्रश्न आता उरलेला नाही, पण तो रकाना रिकामा सोडायची सवय आण्णांनी मोडली आहे. म्हणून दरवेळी पेन्सिल बाजूला ठेवते आणि पेनचे टोपण उघडते.